टाळी वाजली की

—नाही हो जमादारभाई, तरु इथे नाही. वलसाडला मावशीकडे गेली असेल, मी काय तिच्या मागे मागे फिरते? बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, झोपाळ्यावर बसा. मच्छर फार आहेत, आठ दिवस गटार तुंबलंय — ते लिहाल का तुमच्या पोलिसांच्या वहीत? नाही लिहिणार, ठाऊक आहे मला. विपुलनं काय लिहून दिलंय, शेजारच्या हसुमतीनं बहिणीला पळवलं? आणि सापडली की भावाच्याच ताब्यात द्यायची, असं आत्ता तुम्हीच म्हणालात. सव्वीस वर्षांची बाई ती — अक्कल सहा वर्षांच्या पोरीची म्हणून काय मालकीची झाली त्याच्या?

मी यात कशी पडले म्हणता? पंचाईत करायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. दर रविवारी सकाळी ही बूट घालून जाते कुठं? गेले मागोमाग. शाळेच्या मैदानावर तिच्यासारखी वीस-बावीस जणं, कुणी गोळा फेकतंय, कुणी पळतंय, आणि शिकवणाऱ्या नीरुबेन मला म्हणाल्या, "मासी, नुसत्या बघताय काय, तिकडे फितीपाशी उभ्या राहा." रीतच आहे ती तिथली — प्रत्येक पळणाऱ्याचं एक माणूस शेवटी हात पसरून उभं. नाहीतर मधेच थांबतात हो, कुत्रं बघतात, पडलेल्याला उचलायला मागे फिरतात. आपलं माणूस दिसलं की सरळ सुटतात. तरुचं माणूस मी. चार वर्षं झाली. शिटीला भिते ती, कान दाबून खाली बसते, म्हणून दोन लाकडी फळ्या आपटायच्या — फाट — की निघाली. घरी सरावाला त्या माझ्याकडेच असतात. असायच्या. आता एकच आहे. दुसरी फुटली. जुनं लाकूड होतं.

विपुल न्हाणीघरात घसरला, साबणावरून. सांगितलं की मघाशी. जबडा दोन जागी मोडलाय? मग साबण चांगला होता म्हणायचा.

हसू नका. त्याचा जबडा बघून आलात, तिचा पाय बघितलात का? पुढच्या रविवारी वडोदऱ्याला स्पर्धा, आणि हा म्हणतो, आमच्या घरची पोरगी चड्डी घालून गावासमोर पळणार नाही. आधी बूट शेगडीवर धरले. रबराचा वास माझ्या स्वयंपाकघरात आला. तिनं ते ओढायला जाळात हात घातला, तर त्यानं वेणी मुठीला गुंडाळली आणि डोकं ओट्यावर — एक, दोन, तीन. भिंतीपलीकडून मोजत होते मी. पूर्वीही मोजायचे. पूर्वी टीव्ही मोठा करायचे, तेही लिहा. काल नाही केला. हातात फळ्या होत्या, सरावाची वेळ झाली होती, तशीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. आणि तेवढ्यात त्यानं तिच्या कानाखाली मारली — फाट. अगदी फळीसारखा आवाज. आणि ती निघाली हो. रक्त डोळ्यात, तरी निघाली, माझ्याकडे, चार वर्षं शिकवलं तशी. "पळतेस? पळ आता," म्हणाला, तंगडी घालून पाडलं आणि खलातला बत्ता तिच्या पावलावर. दोन बोटं. मी शिकवलं नसतं तर मार खाऊन कोपऱ्यात बसली असती ती, रोजच्यासारखी.

मग पहिला घाव मी त्याच्या मनगटावर घातला, बत्ता पडावा म्हणून. दुसरा तोंडावर — त्याला कारण नव्हतं. तिसऱ्याला तर तो आडवाच होता, आणि फळी...

चहा घ्या. निवतोय.

नाही, आत कुणी नाही. दोन ताटं म्हणजे मला भूक लागते दोनदा. वलसाडला आहे ती, तुम्ही लिहा ना वलसाड — अहो मच्छर चावू दे, टाळी नका वाजवू, जमादारभाई, हात खाली—

हळू. हळू, बेटा. लंगडत ये. त्यांच्याकडे बघू नकोस, इकडे बघ, माझ्याकडे. हां. आलीस. पहिली आलीस तू.

फळीचं लिहा. तिन्ही घाव लिहा, हसुमती चंदुलाल, सही करते मी. पण हिला घेऊन जायचं असेल तर ही मिठी तुमच्या हातांनी सोडवावी लागेल. नाही ना? मग कप तिथंच ठेवा आणि दार ओढून घ्या. हळू ओढा. आवाज करू नका.