फिरून आलेले लाडू

नाही, खरं तर हे मी कोणाला सांगायचंच नव्हतं! आईने बजावलंय, ‘दक्षता, बाबांच्या शुगरचं सोसायटीत कोणाला कळता कामा नये, एकेक जण कारल्याचा रस घेऊन दारात उभा राहील.’ पण तुम्ही कुठे आमच्या सोसायटीतले? तुम्ही माझ्यासारखेच या लॅबच्या बाकावर नंबरची वाट बघत बसलेले. अनोळखी माणसांशी मला बोलता येतं. ओळखीच्यांसमोर तोंडच उघडत नाही, आणि तिथेच तर सगळा घोळ झाला... तुम्हाला सांगते, डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे ठरवलं कोणी? मला एकदा त्या माणसाला भेटायचंय!

तीन महिन्यांपूर्वी बाबांची शुगर वाढलेली निघाली. ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, ‘आनंदराव, खाण्यात साधे साधे बदल करा. तीन महिन्यांत आकडा उतरला तर ठीक, नाहीतर गोळी सुरू, आणि ती बहुतेक जन्मभर.’ आईचे डोळे तिथेच भरले. कारण आमच्या आजोबांच्या पायाची दोन बोटं शुगरमुळे काढावी लागलेली. मी बघितलीयत ती... म्हणजे नसलेली बघितलीयत.

घरी आल्या आल्या आईने फ्रिजवर कागद चिकटवला. चहात साखर अर्धा चमचा, जेवायला छोटं ताट, आणि गोड-तळलेलं घरात ठेवायचंच नाही. साधं आहे ना? बाबांनी पहिल्याच दिवशी छोट्या ताटात भाताचा असा डोंगर रचला, की पलीकडे बसलेले बाबा मला दिसेनात! पण ते सोडा. गोड घरात ठेवायचं नाही, तर घरात होते तीस बेसनाचे लाडू. टाकणार कसे? आईने डबा भरला, माझ्या हातात दिला. ‘समोर उत्तराकाकूंना देऊन ये. आणि काही बोलू नकोस.’

न बोलणं मला छान जमतं.

‘अय्या, लाडू! हेमांगीच्या हातचे!’ काकू डबा घेऊन आत गेल्या, भांड्यांचा आवाज झाला, बाहेर आल्या तर डबा पहिल्यापेक्षा जड! ‘चिरोटे घातलेत हो. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, बाळा.’

आईने कपाळाला हात लावला. ‘अगं, नको म्हणायचंस ना!’

‘काय कारण सांगू?’

कारण सांगायचं नाही, हेच तर कारण!

मग चिरोटे तळमजल्यावर प्रभाकरकाकांकडे. आईचा हिशेब असा, की काका एकटे राहतात, गॅस फक्त चहापुरता पेटवतात, ते काय डब्यात घालणार? काकांनी चिरोटे ताटात काढून घेतले, डब्याच्या तळाकडे बघितलं, आणि पायात चपला सरकवल्या. ‘एकतीस वर्षं बँकेत होतो मी. कोणाचं असं ठेवून घेतलं नाही. तू इथेच बस.’ आणि भर उन्हात कोपऱ्यावर जाऊन अर्धा किलो बालुशाही घेऊन आले! घामाघूम झालेल्या म्हाताऱ्या माणसाला तुम्ही नको म्हणाल? मला तर ‘थँक यू’सुद्धा म्हणता आलं नाही.

बालुशाही ठाकुर्ली स्टेशनबाहेर मासे विकणाऱ्या मालूमावशींना. त्या आमच्या सोसायटीतल्या नाहीत, म्हटलं सुटलो. दुसऱ्या दिवशी स्वतः जिने चढून आल्या! ‘रिता डबा कसा देव गो पोरी?’ डब्यात काय, तर सोडे. सुकवलेली कोलंबी. आई पहिल्यांदा हसली. ‘प्रोटीन!’ म्हणाली, आणि वांगी घालून रस्सा केला. बाबांनी छोटं ताट घेतलं. पाच वेळा घेतलं.

आणि बाबांना काही बोलायची सोय नाही, लगेच म्हणणार, ‘लोकांनी प्रेमाने दिलंय. नाही खाल्लं तर संशय येईल.’ म्हणजे आमचं गुपित राखायला बाबा खाणार, आणि गुपित कशाचं, तर बाबांनी खायचं नाही याचं! मला सांगा, हे गणित कोणाला सुटेल?

तीन आठवडे असेच गेले. एका डब्याचे चार झाले. मी शाळेतून आले की दप्तर टाकून डबे पोचवायचे. करंज्या गेल्या, बाकरवडी आली. बाकरवडी गेली, शेव आली. डबा रिकामा म्हणून कुठून परत येईना! मग एक दिवस बी विंगच्या दर्शनाकाकूंकडून डबा आला. आईने झाकण उघडलं आणि हळूच खाली बसली.

बेसनाचे लाडू.

आईने एक उचलला, फिरवून बघितला. मनुका जरा डावीकडे कललेली, आई अंगठ्याने दाबते तशीच. ‘दक्षता... हा माझा अंगठा आहे. हे माझे लाडू आहेत!’ मोजले. बावीस! ‘म्हणजे एवढ्या घरांनी मिळून आठच खाल्ले?’ शुगर राहिली बाजूला, आईचा चेहरा एवढासा झाला. आणि बाबा तिसरा लाडू खात म्हणाले, ‘कोणी केलेत ग? छान झालेत. अगदी घरच्यासारखे.’

तर आज तीन महिने संपले. सकाळी सात वाजता उपाशीपोटी बाबांचं रक्त घेतलं. मग रक्त घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, ‘आता नाश्ता करा आणि दोन तासांनी पुन्हा या. रोजचाच नाश्ता करा हं, मुद्दाम वेगळं काही खाऊ नका.’ आईने उकडलेले मूग दिले होते, हे बघा, माझ्या मांडीवर आहेत. बाबा मुगांकडे बघतात, मॅडमकडे बघतात. ‘मॅडम, खोटेपणा आपल्याला जमत नाही,’ म्हणाले, आणि रस्ता ओलांडून गेले. तिथे, त्या हॉटेलात, काचेजवळ... निळा शर्ट. मिसळ झाली त्यांची. दोन पाव झाले, तिसऱ्यालाही हात करत होते. मला वाटलं आता उठतील, पण आता वाफ येतेय, काहीतरी पिवळं... शिरा! दोन बशा!

‘दक्षताऽऽ! अगं ये ना, तुझ्यापण नावाचा सांगितलाय!’

बघितलंत? सगळा रस्ता वळून बघतोय, मला तर जमिनीत शिरावंसं वाटतंय. आणि मला शिरा आवडतसुद्धा नाही हो! पण नाही गेले तर माझी बशीही तेच संपवणार. त्यापेक्षा माझी पूर्ण आणि त्यांची अर्धी, अशी दीड बशी मीच...

‘अगं, गार होतोय!’

आले, बाबा, आले! आमचा नंबर तेवढा बघाल ना? तर काय सांगत होते, दीड बशी माझ्या पोटात गेली, म्हणजे बाबांच्या आकड्यातून निदान तेवढी तरी साखर वजा...