नऊ गालांवरची तीट

"काका, फोटोत माझे दात सरळ करून द्याल का?"

"देतो की! पण मग हॉल तिकिटावर तुला कोणी ओळखणार नाही."

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून प्राप्तीने ठाकुर्लीच्या स्टुडिओत हे विचारलं खरं, पण दौलतकाका तोवर मनुबाईंकडे वळलेसुद्धा. मनुबाईंच्या नातीच्या, सान्वीच्या पहिल्या वाढदिवसाचं कोलाज स्क्रीनवर होतं. मधोमध पंख लावलेली सान्वी, भोवती आठ छोट्या सान्व्या.

"बघा आजी, परी केलीय परी!"

"गालावरची तीट कुठं गेली?"

"ती तीट होती? मला वाटलं डाग. पुसला."

"नऊच्या नऊ गालांवरचा?"

"चेहरा कसा साफ दिसतोय!"

"म्हणूनच नजर लागंल ना! संध्याकाळी अख्खा गाव येतोय. असला फोटो मी नाय नेणार."

"काका, सरका जरा." प्राप्तीने माऊस हातात घेतला. "आजी, कुठल्या गालावर?"

"डाव्या. मोठी लाव गं. अजून मोठी. हां, आता पोर जरा वाईट दिसतेय. आता नेते."

घरी पोचताच प्राप्तीने जाहीर केलं, "आईबाबा, सुट्टीत मी क्लासला नाही, दौलतकाकांच्या स्टुडिओत जाणार. त्यांच्या एकट्याच्या हातात बाळं देऊन चालत नाही."