गुलाबी झाकणाची डबी

नाही वहिनी, डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर नाही देता येणार – रिकामी ट्यूब दाखवून काय उपयोग? मुलीला मानवली म्हणता – मानवणारच हो, सुरुवातीला सगळ्यांनाच मानवते. हे बघा, तुमच्या हाताशी हे उघडं फडताळ आहे ना, त्यातलं काय हवं ते उचला, पावडर घ्या, क्रीम घ्या, मी कोण विचारणार? ते सगळं वरवरचं – कातडी मऊ करतं, वास येतो, धुतलं की गेलं. आणि माझ्या पाठीमागचं हे काचेचं कपाट – ह्यातलं आत शिरतं, कातडीचं कामच बदलतं, म्हणून किती दिवस लावायचं ते डॉक्टर लिहितात, मग मी देते. आता तुम्ही म्हणाल, दिसायला दोन्ही पांढरंच. आहेच की! बोटावर घेतलं तर मलाही नाही सांगता येणार, बावीस वर्षं झाली इथे उभी राहून. फरक काय तो वरच्या छापलेल्या अक्षरांवरून कळायचा.

एवढ्याशा अक्षरांचं काय मोठं, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या मानेवर चट्टा उठला, डॉक्टरांनी हीच ट्यूब दिली, सात दिवस, बास. पण तिच्या सासूबाई अशा, की घरात औषध दिसलं की सुरू – हिला रोग आहे, लपवून मारली आमच्या गळ्यात. धाकटी रडायला लागली. मी म्हटलं, रडतेस कशाला, माझ्याकडे डब्यांना तोटा आहे का? ह्याच टेबलावर, क्रीमची डबी रिकामी केली – गुलाबी झाकणाची, ती बघा, तुमच्यासमोर तिसरी – धुतली, पुसली आणि ट्यूब पिळून भरली आत. चट्टा गेला. मग तिला दिसलं, रंगही उजळलाय. आली परत डबी घेऊन. घरच्या माणसाला कसली चिठ्ठी, वहिनी? दोन वर्षं भरून देत होते. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय.

नाही, धाकटीचं सोडा, ती मोठी आहे, भोगेल. तिची मुलगी – अकरा वर्षांची. आईची डबी आरशापुढेच असते, शाळेत जाताना ही रोज लावायची, कुणी का अडवेल? क्रीमच ते! आता ऊन लागलं की गाल पेटतात, कातडी इतकी पातळ झालीय की शिरा दिसतात, ओठावर लव आलीय. वर्गातल्या पोरी मिशीवाली म्हणतात. शाळेत जाणंच बंद केलं तिनं. परवा इथे आली, तोंडाला ओढणी, म्हणते – मावशी, तुझ्याकडे एवढी औषधं आहेत, मला एक दे ना बरं करायचं. काय देऊ हो? काय देऊ मी तिला?

डॉक्टर? नेलं की. ते म्हणतात, हे औषधानं झाल्यासारखं दिसतंय, काय लावत होती? धाकटी म्हणते, साधं क्रीम, दुकानातलं. सासूबाई शेजारीच बसलेल्या – तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि कुठलं औषध, किती दिवस, ते कळल्याशिवाय उपाय तरी नेमका कसा करणार ते? ओळखीचे आहेत, त्यांच्या चिठ्ठ्या रोज माझ्याकडे येतात. फोन उचलून सांगायला एक मिनिट. रोज उचलते – आणि ठेवते. माझा परवाना जाईल, तिचं घर मोडेल – काय करायचं माणसानं?

आता आज डॉक्टरांनी निरोप दिलाय, ती डबीच घेऊन या, तपासायला पाठवतो. सकाळी धाकटीचा फोन – ताई, काय करू गं? मला वाटलं, बरं झालं, सुटलो, आपोआप कळेल सगळं. खरंच वाटलं हो. आणि तोंडातून काय निघालं? म्हटलं, ती टाकून दे, मी दुसरी आणते. आत्ताच देऊन आले, ह्याच फडताळातली, सीलबंद. वर आणखी सांगून आले – अर्धी काढून टाक, वापरलेली वाटली पाहिजे.

असं काय बघता? ...मी कशाला बोलत बसले तुमच्याशी. नाही देणार म्हटलं ना – जा, समोरच्या दुकानात मिळेल, तो काही विचारत नाही.