चंपतमामाले नाई म्हणाचं कोनं?

...अन् घराच्या भिंतीले कोनी थाप मारून पाह्यते काय? तुमीच सांगा राजेहो! बैलाच्या पुठ्ठ्यावर मारते तशी थाप मारली मामानं, कान लावून आयकलं, खिडकी उघडून आत असा डोकावला जसा काही दात मोजून राह्यला, अन् मले म्हणते, "मजबूत जनावर हाय, घेऊन टाक." जनावर! म्या म्हणलं, मामा, घर हाय ते. तं म्हणते, तेच म्हणून राह्यलो मी.

तुमाले सांगतो, हा चंपतमामा काई माह्या मायचा भाऊ नाई. आमच्या वांकिडीत साऱ्या गावाचा मामा. आधी बाजारात बैलं जमवून द्याचा, मंग सोयरिकी जमवाले लागला, अन् आमच्या वस्तीतले पोट्टे शिकून मास्तर-क्लार्क झाले, आसिफाबादेत घरं घ्याले लागले, तं यानं घरंबी सुरू केले. धंदा तोच म्हणते, माल बदलला. अन् मी देवाजी गुर्जी, मराठी शाळेचा मास्तर, माही सोयरीक यानंच जमवलेली! त्र्याण्णव सालची गोष्ट सांगतो, लग्नाले अठरा वर्सं झाले होते तवा, तरी दर भेटीत इचारणार, काय गुर्जी, ठीक चालून राह्यलं ना? जशी काई ग्यारंटी देल्ली होती. आता अशा माणसाले नाई म्हणाचं कोनं?

बरं, अडचण माही होती. किरायाच्या घराचा मालक म्हणे पोराचं लग्न काढलं, उन्हाळ्याच्या आत खोल्या खाली करा. रोज शाळेले कुलूप लागलं का मी मामाच्या मागं. पह्यलं घर दाखवलं ते जिनिंगच्या भिंतीले लागून. पाच मिनिट उभे राह्यलो, तं मनकर्णा, म्हणजे आमची मंडळी, तिच्या केसात कापूस, माह्या मिशीत कापूस, घरवाल्यानं च्या पाजला त्यातबी कापूस! मामा म्हणते हिवाळ्यात गरम राहीन. दुसरं घर बरं होतं म्हणा... बरं म्हणजे काय, स्वयंपाकाची खोली आंगणाच्या त्या टोकाले, अन् चौकट एवढी बुटकी का आत जाताना कपाळ आपटलं, बाहेर येताना पुन्हा तिथंच आपटलं, अन् मामा म्हणते, वाकून चालणाऱ्याच्या घरात भांडण होत नाई. कपाळावर टेंगूळ, अन् मी आपला हो हो करून राह्यलो! काऊन? अरे, नाई म्हणाचं कोनं?

घरी येऊन मनकर्णाले म्हणलं, आपण दलाल बदलू. तिनं भाकर तव्यावर टाकली, हात झटकले अन् म्हणे, "काऊन? त्याइनं दाखवलेलं खराबच रायते काय?"

आता हो म्हणलं तं अठरा वर्सांचा संसार खराब, नाई म्हणलं तं बुटकी चौकट गळ्यात! म्या म्हणलं, तसं नाई वं... अन् भाकर वाढून घेतली.

पण चोरून गेलोच. बसस्टँडच्या मागं नागनाथ नावाचा नवा दलाल बसला होता. तेलुगूत बोर्ड, काचेचा टेबल, फोन, डोक्यावर पंखा. बसा म्हणे, गुर्जी म्हणे. तीन घरं काढले, एकापेक्षा एक. एकाले तं आंगणात नळ, अन् चौकट अशी उंच का उडी मारली तरी डोकं लागणार नाई. म्या मनातल्या मनात तिथं खुर्ची टाकून पेपर वाचाले बसलोबी. मंग त्यानं वही काढली. पूर्ण नाव? सांगितलं. गाव कोनतं, वस्ती कोनती? तेबी सांगितलं. पेन थांबला. फोन लावला, तेलुगूत हळूहळू बोलला, अन् मले म्हणते नळाचं घर कालच गेलं. दुसरं? तेबी कालच. म्या म्हणलं साहेब, तिन्ही घरं एकाच दिवशी? तं मान खाली घालून म्हणते, "मी नाई गुर्जी, मालक इचारते."

माणूस वाईट नव्हता, थंडा सोडा मागवला त्यानं माह्यासाठी. पण तुमाले खरं सांगतो... वीस वर्सं मी पोरांले शिकवून राह्यलो, पूर्ण नाव मोठ्यानं सांगा, लाजू नका. अन् त्या दिवशी माहं मले सांगून लाज वाटली. अन् लाज वाटली म्हणून मंग असा राग आला, असा राग आला, पंख्याखाली घाम फुटला. सोडा तसाच ठेवून उठलो.

घरी येतो तं वट्ट्यावर मामा! आसिफाबाद केवढं, बातमी माह्या आधी पोचलेली. म्हणते, नागनाथचा पंखा चांगला हाय म्हणते. बस, येवढंच. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं वाटलं असतं. खाली मान घालून सारं सांगितलं, तं तो म्हणते, "मी तुले ज्या ज्या घरी नेलं, तिथं कोनी वस्ती इचारली काय? मी आधीच सांगून ठेवतो. ज्याले चालते, त्याचंच घर दाखवतो. म्हणून माह्याजवळ घरं कमी हाय."

म्या म्हणलं मामा, चाला, तिसरं पाहू. तं म्हणते, तिसरं लय चांगलं होतं गुर्जी, तुह्यासाठीच धरून ठेवलं होतं, आज सकाळी गेलं. तू पंख्याखाली होता.

राह्यलं कोनतं? कापसाचं सोडलं तं बुटकं! दुसऱ्या दिवशी सौदा. आता बैलबाजारात भाव तोंडानं नाई बोलत, दुपट्ट्याखाली हात घालून एकमेकाचे बोटं दाबते. मामानं अन् घरवाल्यानं तसेच हात घातले. पाव घंटा तो दुपट्टा हलून राह्यला, माह्याच घराचा भाव, अन् मले दिसून राह्यला फक्त दुपट्टा! मंग मामा म्हणते, झालं, बयाना दे. देल्ला. नाई म्हणाचं कोनं?

कब्जा घ्याले गेलो त्या दिवशी मामा खुशीत होता. पान खाता खाता आपली इद्या सांगाले लागला. पह्यले दोन मोडके दाखवाचे, अन् चांगलं तिसऱ्या नंबरावर ठेवाचं, का गिऱ्हाईक झटकन हो म्हणते. बैलात तेच, घरात तेच, सोयरिकीत तेच.

म्या म्हणलं, मामा... मनकर्णाले दाखवाले मले आणलं होतं, तवा मी कितवा होतो?

मामानं पान चावनं थांबवलं. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. "दुसरा," म्हणते. "तिसरा कागजनगरचा होता, उंचापुरा. त्याची गाडी चुकली, अन् हिच्या बापाले घाई होती."

मनकर्णा तिथंच खिडकीले पडदा केवढा लागते ते वितीनं मोजून राह्यली होती. म्या तिच्याकडं पाह्यलं. तिनं वळूनबी नाई पाह्यलं.

"होते सवय," म्हणे. "मले झालीच ना."