गेलेल्या माणसाची खरेदी

वहिनी: ...आणि बूट. नऊ नंबरचे. यांच्या पायाला सात लागायचा.

दीर: वहिनी, बूट राहू द्या आता. आत बोलावलं की एवढंच सांगायचं, दादा गेल्या वर्षी गेला आणि या बिलातली सगळी खरेदी त्यानंतरची आहे. बाकी मी बोलतो.

वहिनी: विमानाची तिकिटंही काढलीत. जिवंत होते तोवर विमानाचा आवाज आला तरी खिडकी लावून घ्यायचे. आता गेल्यावर बसले.

दीर: मला हसवू नका. सकाळपासून बसून बसून पाठ आखडलीय. आधी पोलीस, मग फोन कंपनी, आता ही बँक.

वहिनी: तुम्ही जा घरी. दुकान बंद ठेवून माझ्यामागे फिरताय.

दीर: चष्म्याचं दुकान आहे, पळून नाही जात. एकट्यानं चालवतोय तर एक दिवस बंदही ठेवता येतं. मला एवढंच कळत नाही, मी वर्षभर कानीकपाळी ओरडतोय, बँकेत कळवा, त्याचं कार्ड बंद करा, फोन बंद करा. तुम्ही हो म्हणायचात.

वहिनी: हो म्हणायचे. आणि रात्री यांचा फोन चार्जिंगला लावायचे.

अधिकारी: या, बसा. कार्ड कुणाचं?

दीर: माझ्या भावाचं. म्हणजे... होतं. या माझ्या वहिनी.

अधिकारी: तुमचा फोन आल्याबरोबर आम्ही कार्ड थांबवलंय. त्यावर आता नवी खरेदी होणार नाही. मृत्यूचा दाखला आणलाय? हं. बँकेला कळवलं नव्हतं?

वहिनी: नाही.

अधिकारी: तक्रारीत लिहावं लागतं म्हणून विचारते, मॅडम. कार्डाचा पासवर्ड बदललाय. त्यासाठी साहेबांच्या मोबाइलवर ओटीपी आला असणार. कुणाला सांगितलात?

वहिनी: सांगितला. दोनदा.

दीर: दोनदा?

वहिनी: पहिला चुकला म्हणाला.

अधिकारी: कोण म्हणाला?

वहिनी: विमा कंपनीतून बोलतोय म्हणायचा. साहेबांच्या पॉलिसीचे पैसे अडकलेत, सोडवून देतो. जन्मतारीख विचारली, सासूबाईंचं नाव विचारलं, कार्डावरचा नंबर...

दीर: आणि तुम्ही घडाघडा सांगितलंत. अहो, ओटीपी कुणाला द्यायचा नाही हे शेंबडं पोरही सांगेल.

वहिनी: मला माहीत होतं.

दीर: माहीत होतं तर मग?

अधिकारी: थांबा जरा. मॅडम, पाणी घ्या. हे इथं रोजचं आहे. मागे याच खुर्चीत आमच्याच बँकेतले निवृत्त मॅनेजर बसले होते, त्यांनी तर पिनसुद्धा दिला होता. हे बघा, पोलीस तक्रारीची प्रत मी जोडते. चौकशी संपेपर्यंत बँक तुमच्याकडे पैसे मागणार नाही. पण ओटीपी तुमच्याकडून गेलाय, त्यामुळे सगळं माफ होईल असा शब्द मी देऊ शकत नाही.

दीर: आणि त्याच्या नावावर आणखी कुठे कर्जबिर्ज काढलं असेल तर?

अधिकारी: तेच सांगणार होते. कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी असते, तिथे कळवा की साहेब हयात नाहीत. मग त्या नावावर कुणी नवं कर्ज देत नाही. ईमेल, वीज, विमा, जिथे जिथे नाव आहे तिथे दाखला द्या. मोबाइल नंबर?

दीर: तो आत्ताच बंद करून आलो.

वहिनी: म्हणजे प्रत्येक ठिकाणी जाऊन सांगायचं. गेले म्हणून.

अधिकारी: हो, मॅडम. कठीण आहे, पण सांगावं लागतं. इथे सही करा. खाली कार्डधारकाशी नातं लिहा.

वहिनी: पत्नी लिहू, की...

अधिकारी: पत्नीच लिहा.

(बँकेबाहेर, बसथांब्यावर.)

दीर: पैसे गेले तर गेले. मी आहे. मघाशी त्या बाईंसमोर बोललो, तसं बोलायला नको होतं.

वहिनी: खोटं कुठे बोललात?

दीर: पण माहीत होतं म्हणालात. मग त्याच्याशी बोलत कशाला राहिलात?

वहिनी: पहिल्या दिवशी त्यानं पैशाचं काही काढलंच नाही. म्हणाला, साहेब कशानं गेले? म्हटलं, फुप्फुसात पाणी झालं. मग म्हणाला, तुम्ही जवळ होतात का? शेवटी काही बोलले का?

दीर: लबाड. जाळंच तसं टाकतात ते.

वहिनी: लबाडच. पण विचारलं त्यानं. यांचा विषय निघाला की तुमची बायको चहा टाकायला उठते. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता. लेक फोनवर म्हणते, आई, आता ते नको. माझ्या भल्यासाठीच करता सगळे, कळतं मला. तो मात्र ऐकत राहिला. मध्ये हं, हं करायचा.

दीर: आणि मग आकडे मागितले.

वहिनी: दुसऱ्या फोनला. तेव्हाच कळलं मला, हे काहीतरी वेगळं आहे. पण नाही दिले तर हा परत फोन करणार नाही, असं वाटलं.

दीर: दिल्यावर केला?

वहिनी: नाही.

दीर: आम्हाला वाटायचं, विषय काढला तर तुम्हाला त्रास होईल.

वहिनी: त्रास होतोच. तो काय, न काढल्यानंही होतो. तुमची बस आली बघा.

दीर: त्या रात्री मी खाली औषधाच्या दुकानात होतो. वर आलो तर सगळं आटोपलं होतं. काही बोलला होता का तो?

वहिनी: बोलले होते. लांबण आहे ती, बस जाईल.

दीर: जाऊ दे. तिकडे सावलीत बसू. सांगा.