मडमेचे गोळे आणि सासूबाईंची कढी

अगं, आत्मविश्वास शिकावा तर माझ्या सासूबाईंकडून! पन्नास-एक्कावन्न सालची गोष्ट. हे कोलशेतला कारखान्यात होते आणि यांचे साहेब होते हॉलंडचे. वर्षअखेरीला त्यांच्या मडमेने आमच्याकडे डबाभर तळलेले गोळे पाठवले. आत मनुका, वर पांढरी पूड.

सासूबाई म्हणाल्या, "पीठ कच्चं राहिलंय. नवखी आहे बिचारी."

"अहो, चिरोट्यांवर घालतो तशी पिठीसाखर असेल. चाखून तरी बघा."

"चाखत चाखत स्वयंपाक करणाऱ्या बायका वेगळ्या!"

त्यांनी गोळे झटकले, पुन्हा खरपूस तळले, कढीत सोडले आणि साहेब-मडमेलाच जेवायला बोलावलं. मडम ताटाकडे बघतच राहिली. साहेब यांच्या कानात म्हणाले, "हे गरमागरम, साखर भुरभुरून, हातात घेऊन खातात."

यांनी ते आईंना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "असू दे. आता कळलं ना त्यांना, कसे वाढायचे ते!"

मडमेने मात्र कढी दोनदा मागून घेतली. निघताना डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून सासूबाईंनी त्यात बेसनाचे लाडू भरले.

पुढच्या रविवारी त्यांच्याकडे आम्हाला जेवण. टेबलावर खोलगट बशा, बशांत टोमॅटोचं सूप आणि सुपात तरंगणारे आमचे लाडू! हे माझ्याकडे बघतायत, मी यांच्याकडे.

सासूबाईंनी शांतपणे एक चमचा तोंडात घातला.

"शिकली हो पोरगी," त्या म्हणाल्या. "फक्त हिंग विसरली."