शिंपल्यांच्या खडकावरची शिदोरी

त्या दिवशी ऊन असं तापलं होतं, का दगडावर टेकाची सोय नव्हती. पण मले बसणंच भाग होतं. आमच्या झरीकडच्या नाल्यात शिंपल्या रुतलेला खडक आहे. कधीकाळी इथं समुद्राचा काठ होता म्हणे. रस्त्याच्या गिट्टीसाठी तो फोडाले जेसीबी आला. शेजारचा रहीम मिस्त्री फटफटीवर तहसीलदार साहेबाले आणाले निघाला. जाताना म्हणे, "काका, मी येईपर्यंत त्यायले थांबवा."

मी खडकावर बसून शिदोरी सोडली.

"बाबा, उठा ना," डायवर म्हणे.

"उठतो ना बापा. भाकर तं खाऊ दे."

भाकर संपली, तसा मी तंबाखू मळाले घेतला.

"बाबा, आता?"

"उठूनच राह्यलो. गुडघे ऐकत नाही. तू घे ना चिमूटभर."

तोही बिचारा सावलीत टेकला. ज्या सुस्तपणावरून बायको जन्मभर बोलली, तोच त्या दिवशी कामी आला!

शेवटी रहीम साहेबाले घेऊनच आला. साहेबानं काम थांबवलं, खडकाले कुंपण घालाले सांगितलं. जेसीबी आला तसा परत गेला. मी आपला खुशीत तिथंच बसून.

रहीम म्हणे, "काका, आता तरी उठा, नाही तं तुमच्यासगट कुंपण घालतीन!"